खऱ्या नाण्याची फजिती

गेल्या वर्षीच्या चतुर्थीआधीचा शुक्रवार. माटोळीचे सामान आणावयास आम्ही सौभाग्यवतींसह म्हापशाच्या बाजारात गेलो होतो. तुयेहून चोपडे-शिवोलीच्या पुलावरून शापोरा नदी ओलांडली की म्हापसा फारसे दूर राहत नाही. पण चतुर्थीच्या आदल्या शुक्रवारी शेवटचा मैलभर रस्ता पार करण्यास मूळ प्रवासाइतकाच वेळ लागतो. ओल्या सुपारीचा घड, कांगले, आंबाडे, तवसे असे एकेक करीत पिशवी भरली. हिशोब झाला एकशे नव्वद रुपये. आम्ही शंभराची एक नोट दिली आणि वर दहा रुपयांची नऊ नाणी बाईंच्या हातावर मोजून ठेवली.

बाईंनी नोट कमरेच्या पिशवीत टाकली आणि नाणी, तांदळातले खडे निवडून बाजूला सारावेत तशी, एकेक करून आमच्यापुढे परत मांडली.

"मास्तर, हीं नाणीं हांगा चलनात. नोट आसल्यार दियात, ना जाल्यार फोनार घालात."

बाईंची आमची ओळख नव्हती. तरीही त्यांनी आम्हांस मास्तर कसे ठरविले, याचे कोडे आम्हांस पडले नाही. तीस वर्षे खडू हाती धरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर ते लिहिलेले असावे. ते खरे करून दाखविण्यासाठीच की काय, आम्ही तिथल्या तिथे पाठ सुरू केला. "बाई, हे सरकारी नाणे आहे. याचे अनेक प्रकार आहेत आणि सगळेच खरे आहेत. रिझर्व्ह बँकेने तसे जाहीर केलेले आहे." बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. मागे गिऱ्हाइके खोळंबली होती. अखेरीस सौभाग्यवतींनी पिशवीतून फोन काढला, पाटीवरच्या चौकटीपुढे धरला आणि पाठ संपविला. बाईंच्या शेजारच्या डबीने पैसे मिळाल्याची ग्वाही दिली. जे पैसे कोणी पाहिले नाहीत, कोणी वाजवून घेतले नाहीत, ते क्षणात पोहोचले. आणि जे हातावर वजन देत होते ते आमच्या खिशात परत आले.

परतीच्या वाटेवर स्कूटरच्या प्रत्येक धक्क्यासरशी ती नऊ नाणी खिशात खुळखुळत होती. "एवढे गप्प का?" असे सौभाग्यवतींनी विचारले. आम्हांस राग आला असावा असा त्यांचा समज झाला. राग आला नव्हता. फार दिवसांपूर्वीचे एक देणे कोणीतरी अनपेक्षितपणे आमच्याकडून थोडेसे वसूल करून घ्यावे, तसे काहीसे वाटत होते. ते देणे कसले, हे सांगण्यासाठीच आज लेखणी हाती घेतली आहे. परंतु त्याआधी नाण्याविषयी चार शब्द.

आपल्या मराठी भाषेत पैशाइतकेच, किंबहुना पैशापेक्षा अधिक, बोलते नाणे आहे. मनुष्य प्रामाणिक असला की तो 'खणखणीत नाणे'. नसला की तो 'बद्द वाजतो'. एखाद्याची चलती असली की तो 'चलनी नाणे', आणि कुळाच्या नावाला डाग लागला की 'बट्टा लागला'. हा बट्टा म्हणजे मूळचा सराफाच्या पेढीवरचा शब्द. पेशवाईत एकाच बाजारात नाना टांकसाळींचे रुपये फिरत. अंकुशी, चांदवडी, सुरती अशी त्यांची नावे. एका प्रांताचा रुपया दुसऱ्या प्रांतात द्यावयाचा तर सराफ त्यातून काही कापून घेई. तोच बट्टा. नाण्याची पारख करणे हे तर सरकारी कामच होते आणि ते करणारा तो पोतदार. पुढे १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकसारखा रुपया पाडला आणि बट्ट्याचा हिशोब हळूहळू मागे पडत गेला. व्यवहारातून गेला, तरी भाषेत राहिला.

म्हणजे खऱ्या नाण्याकडे संशयाने पाहणे ही काही आजची गोष्ट नव्हे. फरक इतकाच की पूर्वीचा पोतदार नाणे दगडावर आपटून, कस लावून, तागडीत घालून मग निकाल देई. आजचा बाजार ऐकीव गोष्टीवरून निकाल देतो.

दहा रुपयांच्या नाण्याचे तेच झाले. हे नाणे दोन धातूंचे आहे. बाहेरचे कडे पिवळसर, आतली चकती पांढरी. वजन पावणेआठ ग्रॅमला किंचित कमी, व्यास २७ मिलिमीटर. त्यावर २००५ सालापासूनची वर्षे आढळतात. मात्र लोकांच्या हाती ते २००९ साली आले. जुलै २०१० मध्ये रुपयाचे नवे चिन्ह ठरले आणि २०११ च्या नाण्यांवर ते उमटले. त्याच वेळी कडेवरच्या रेघांची संख्याही बदलली. आधीच्या एका प्रकारावर पंधरा रेघा होत्या, नव्यावर दहा झाल्या. शिवाय अधूनमधून स्मारक नाणी निघत राहिली. होमी भाभा यांची जन्मशताब्दी, संसदेची साठ वर्षे, गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परतल्याची शंभर वर्षे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची सव्वाशेवी जयंती, अशी त्यांची निमित्ते. एकाच किमतीची इतकी रूपे एकाच गल्ल्यात जमल्यावर कोणाच्या तरी मनात शंका आली असेल. 'दहा रेघांचे खरे, पंधरा रेघांचे खोटे' असे कोणीतरी म्हटले. दुसऱ्याने त्याच्या नेमके उलट सांगितले. तिसऱ्याने भांडण मिटविले आणि दोन्ही घेणे बंद केले.

रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१६ मध्ये आणि पुन्हा १७ जानेवारी २०१८ रोजी निवेदन काढून सांगितले की, वेळोवेळी निघालेल्या सर्व प्रकारांची दहा रुपयांची नाणी विधिग्राह्य आहेत. खरे पाहता नाणे हे रिझर्व्ह बँकेचेही नव्हे. ते भारत सरकारचे. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथील चार सरकारी टांकसाळींत ते पाडले जाते, आणि रिझर्व्ह बँक ते फक्त लोकांपर्यंत पोहोचविते. नोटेवर गव्हर्नरांचे वचन छापलेले असते. नाण्यावर वचन नसते, कारण नाणे म्हणजे खुद्द सरकारने पाडलेला पैसाच. वचनाचा कागद हवा आणि प्रत्यक्ष वस्तू नको, असा हा उलटा न्याय.

अशी फजिती आपल्याच देशात होते असेही नाही. स्कॉटलंडमधील तीन बँका आपापल्या नोटा छापतात. त्या अगदी खऱ्या, स्टर्लिंगमधल्याच. पण इंग्लंडमधील दुकानदार त्या उलटसुलट करून पाहतात आणि पुष्कळदा परत करतात. अमेरिकेत दोन डॉलरची नोट आजही चलनात आहे, परंतु ती इतकी क्वचित दिसते की एखादा तरुण विक्रेता ती खोटी समजतो. सारांश, पैसा खरा असून भागत नाही. तो ओळखीचाही असावा लागतो.

आम्हां गोवेकरांना हे निराळे शिकविण्याची गरज पडू नये. आमच्या घरी वडिलांच्या मागे राहिलेल्या एका पत्र्याच्या डबीत एक नाणे आहे. त्यावर पोर्तुगालची राजमुद्रा, १९५९ हे साल आणि 'सहा एस्कुद' ही किंमत. पाच नव्हे, दहा नव्हे, सहा! लहानपणी आम्हांस याचे फार नवल वाटे. वडिलांनी समजावून सांगितले होते ते असे. गोव्यात आधी पोर्तुगीज अंमलातलाही रुपयाच चाले. सोळा तांगांचा एक रुपया. नंतर सरकारने तो बंद करून एस्कुद आणला आणि भाव ठरविला एका रुपयाला सहा एस्कुद. म्हणून सहाचे नाणे, तीसची आणि साठची नोट. सरकारने नाव बदलले. पण आमचे आजोबा बाजारात तोंडाने रुपयाच म्हणत आणि हाताने एस्कुद देत. घेणाराही रुपयाच समजून घेई. पुढे १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि काही काळाने ते चलनही गेले. आजोबांनी एक नाणे आठवण म्हणून ठेवून दिले. 'कालपर्यंत याने तांदूळ आणले, आज मीठही आणीत नाही', असे ते म्हणत, असे वडील सांगत.

ते नाणे चालत नाही हे योग्यच आहे. ज्याच्या नावाने ते पाडले ते राज्यच गेले. आपल्याकडे पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणीही ३० जून २०११ पासून रीतसर बंद झाली. पन्नास पैशांचे नाणे मात्र कायद्याने जिवंत आहे आणि बाजारात मेलेले आहे. त्याच्या बदल्यात दुकानदार चॉकलेट हातावर ठेवतो आणि आपण ते निमूटपणे घेतो. कायदा आणि बाजार यांची अशी फारकत आपण रोज पाहतो. तथापि पन्नास पैशांवाचून कोणाचे अडत नाही. दहा रुपयांवाचून अडते. कोणाचे अडते, हे आम्हांस एका मुलीने शिकविले.

२०१७ सालचा डिसेंबर होता. आम्ही तुयेशेजारच्या एका गावातील सरकारी शाळेत मुख्याध्यापक म्हणून नुकतेच रुजू झालो होतो. दहावीच्या मुलांची सहल निघावयाची होती. जुने गोवे, तेथील पुराणवस्तुसंग्रहालय आणि मग मिरामारचे विज्ञान केंद्र. वर्गणी माणशी दीडशे रुपये. वर्गशिक्षक आमच्या खोलीतच बसून पैसे जमा करीत होते आणि आम्ही शेजारी हजेरीपत्रके तपासत होतो.

एक मुलगी आली. तिने लहानशी कापडी थैली टेबलावर ठेवली आणि तिची नाडी सोडली. आत दहा रुपयांची पंधरा नाणी होती. शिक्षकांनी दोन नाणी उचलून पाहिली, रेघा मोजल्या आणि म्हणाले, "अगं, ही चालत नाहीत आता. बँकेत भरताना मलाच त्रास होईल. नोटा आण." मुलीने आमच्याकडे पाहिले. मुख्याध्यापकांकडे पाहण्याचा तिला अधिकार होता. निवाडा आमचाच होता. आम्ही चष्म्यावरून एकवार दृष्टी टाकली आणि म्हणालो, "बरोबर आहे. उद्या नोटा घेऊन ये."

या एका वाक्याला आम्हांस दोन क्षणही लागले नाहीत. रिझर्व्ह बँकेचे पहिले निवेदन निघून तेव्हा वर्ष होऊन गेले होते. आम्ही मराठीचे एम. ए.; रोज दोन वर्तमानपत्रे वाचणारे; वर्गात 'ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नये' असे फळ्यावर लिहून देणारे. आम्ही नाणे हातातही घेतले नाही. बाजारात जे ऐकले होते त्यावर शाळेचा शिक्का मारून मोकळे झालो.

मुलीने नाडी बांधली आणि ती गेली. सहलीच्या दिवशी बसमध्ये हजेरी घेताना तिचे नाव आले तेव्हा शिक्षक म्हणाले, "तिची वर्गणी आली नाही, सर." आम्ही नावापुढे खूण केली. बस सुटली. वाटेत मुले गात होती, आणि खरे सांगावयाचे तर त्या गैरहजर नावाची आम्हांस दिवसभरात आठवणही झाली नाही.

पुढे जानेवारीत रिझर्व्ह बँकेचे दुसरे निवेदन वर्तमानपत्रात आले. चहाचा पेला हाती होता. 'चौदाही प्रकारची नाणी विधिग्राह्य' हे शब्द वाचले आणि पहिली गोष्ट डोळ्यांपुढे आली ती त्या थैलीची नाडी. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मुलीला बोलावून विचारले, "ती नाणी अजून आहेत का?" ती म्हणाली, "आहेत, सर. आजीकडे." रविवारी संध्याकाळी आम्ही तिच्या घरी गेलो. आजी पेडण्याच्या बाजारात रस्त्याच्या कडेला भाजीचा पांटला घेऊन बसत. घरात त्या दोघीच. आम्हांस पाहून आजींनी पदर सावरला, पाट पुढे केला आणि नातीने काही आगळीक केली की काय, अशा धास्तीने आमच्याकडे पाहिले.

आम्ही येण्याचे कारण सांगितले. आजींनी फळीवरून दुधाच्या पावडरीचा डबा काढला. त्यात त्रेचाळीस नाणी होती.

"इतलीं कशीं जमलीं, आजी?"

"गिरायक हातार घालता आनी वता. ना म्हळ्यार भाजी पांटल्यांत उरता."

आम्ही एम. ए. च्या काळात अर्थशास्त्र शिकलो नाही; पण त्या एका वाक्यात जे होते ते पुस्तकात वाचल्याचे आम्हांस आठवत नाही. दुकानदार नाणे नाकारू शकतो. बसवाहक नाकारू शकतो. शाळाही नाकारू शकते, हे तर आम्हीच दाखवून दिले होते. ज्याला नाकारणे परवडते तो नाणे पुढे ढकलतो, आणि उतारावरचे पाणी जसे सखल जागी साचते तशी सगळी नाणी शेवटी ज्याला नाकारणे परवडत नाही त्याच्या डब्यात येऊन बसतात. दिवसभर उन्हात बसून विकलेली चारशे तीस रुपयांची भाजी त्या डब्यात बंद होती. आणि ती नाणी तेथवर आणून पोहोचविणाऱ्यांत आमच्यासारखे पांढरपेशेच अधिक असतील. 'हे एक कुठे चालत नाही, भाजीवालीला देऊन टाकू', असे म्हणत आम्ही स्वतः किती वेळा खिसा हलका केला होता, ते आम्हांस त्या पाटावर बसल्या बसल्या आठवले.

आजींनी विचारले, "आतां चलतात?"

आम्ही म्हणालो, "आजी, ही पहिल्यापासून चालतच होती. सरकारने कधी बंद केलीच नव्हती."

आजी क्षणभर थांबल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरोखरच समजून घ्यावयाचे आहे, अशा सुरात त्यांनी विचारले, "मगीर सर, तिका परत कित्याक पाठयली?"

याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. आम्ही त्रेचाळीस नाणी मोजून घेतली, चारशे तीस रुपयांच्या नोटा दिल्या आणि आमची चूक झाली असे म्हणालो. मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती. निघताना आम्ही तिला म्हटले, "एखाद्या रविवारी तुला आणि आजीला आम्ही जुने गोवे दाखवून आणतो." ती नम्रपणे म्हणाली, "नको, सर. सगळ्यांबरोबर जायचं होतं." पुढे तिची परीक्षा झाली, ती उत्तीर्ण झाली आणि दाखला घेऊन गेली. दहावीची सहल आयुष्यात एकदाच निघते. आमच्याकडील त्रेचाळीस नाण्यांनी ती परत विकत घेता येत नव्हती.

ती नाणी आम्ही बँकेत भरली नाहीत. सोमवारी मधल्या सुटीत शाळेसमोरच्या दुकानात गेलो. वह्या, पेने, बिस्किटे, कापूर, काडेपेटी असे सगळे मिळणारे ते लहानसे दुकान. आम्ही दोन डझन पेनांची मागणी केली आणि नाणी पुढे ठेवली. दुकानदार जुने ओळखीचे. ते ओशाळून म्हणाले, "सर, तुमचेकडल्यान हांव घेतां. पूण म्हजेकडल्यान कोण घेतलो?"

बाजारातला सर्वांत प्रामाणिक प्रश्न तोच. नाणे खोटे आहे असे त्यांचे म्हणणे नव्हतेच. म्हापशाचा घाऊक व्यापारी ते त्यांच्याकडून घेत नव्हता, म्हणून ते गिऱ्हाइकाकडून घेत नव्हते. गिऱ्हाईक घेत नव्हते, कारण दुकानात चालत नव्हते. प्रत्येक जण दुसऱ्याच्या नकाराला भीत होता, आणि मूळ नकार कोणाचा याचा पत्ता कोणालाच नव्हता. आम्ही थोडा विचार करून म्हणालो, "असे करा. तुम्ही सर्वांकडून घ्या. जी तुमच्याकडून खपणार नाहीत ती आमच्याकडे आणा. आम्ही त्यांच्या नोटा देऊ. मग ती कितीही असोत." ते हसले. "सर, तुमी रिझर्व्ह बँक जाल्यात!" आम्हीही हसलो, पण शब्द दिला तो दिला.

त्याच आठवड्यात शाळेत नाण्यांचा तास घेतला. मुलांनी घरून दहा रुपयांची नाणी आणली. चौदापैकी नऊ प्रकार एका वर्गात जमले. सालाखालची खूण पाहून टांकसाळ ओळखण्यास आम्ही शिकविले. चौकट ठिपक्यासारखी खूण मुंबईची, चांदणी हैदराबादची, गोल ठिपका नोएडाचा, आणि काहीच नसले तर कोलकात्याचे. ज्या मुलांना पाढे पाठ होत नसत ती मुलेसुद्धा भिंग घेऊन पोतदार झाली. मग दहा रुपयांची नोट उलटी करून तिच्यावरील भाषांची पट्टी वाचली. पंधरा भाषांत रक्कम लिहिलेली. त्यांत कोकणीही आणि मराठीही. आमच्या गोव्यात या दोन भाषांवरून पुष्कळ वाद झाले. नोटेवर मात्र दोघी एकाच पट्टीत शांतपणे राहतात. शेवटी एका मुलाने सुवाच्य अक्षरांत पाटी लिहिली, 'येथे दहा रुपयांचे प्रत्येक सरकारी नाणे घेतले जाते', आणि ती आम्ही दुकानावर लावून आलो.

खरे सांगावयाचे तर पहिले तीन महिने आमच्या मनात धाकधूक होती. मुख्याध्यापकाच्या पगारातून रिझर्व्ह बँक किती दिवस चालावी? एप्रिलमध्ये दुकानदार एक पिशवी घेऊन आले. साठ नाणी होती. आम्ही सहाशे रुपये दिले. ती नाणी घेऊन आम्ही बँकेत गेलो. रोखपालांनी कपाळाला आठ्या घातल्या. पण वर्तमानपत्राचे कात्रण आम्ही सोबत नेले होते, ते वाचावे लागण्याआधीच त्यांनी नाणी मोजून घेतली. त्यानंतर दुकानदार पुन्हा आलेच नाहीत. जूनमध्ये आम्हीच विचारले तेव्हा ते म्हणाले, "आतां उरनातच, सर. लोक सुटे म्हणून घेतात." परत घेण्याची हमी कोणीतरी दिली आहे एवढे कळताच परत करण्याची गरजच राहिली नव्हती. मोठमोठ्या बँकांचा व्यवहारही अखेर याच भरवशावर चालत असावा, असे आम्हांस तेव्हापासून वाटू लागले आहे.

यथावकाश आमची तेथून बदली झाली. आता बहुतेक खरेदी फोनवरच होते. २०२० पासून वीस रुपयांचे बारा बाजूंचे नाणेही आले आहे. आणि मध्यंतरी एका समारंभात कोणीतरी आम्हांस सांगितले की तेही म्हणे खोटे निघते! आम्ही त्यांना फक्त इतकेच विचारले, "कोणी सांगितले?" त्यांना आठवेना.

म्हापशाच्या त्या बाईंवर आम्हांस राग का आला नाही, हे वाचकांच्या आता ध्यानी आले असेल. त्यांचाही प्रश्न आमच्या दुकानदाराचाच होता; त्यांच्याकडून कोण घेणार? त्यांना हमी देणारा तेथे कोणी नव्हता, आणि त्यांना पाठ देण्याचा अधिकार आम्ही २०१७ सालीच गमावला होता. मात्र एक अंतर उरतेच. आम्हांस नकार मिळाला तेव्हा शेजारी सौभाग्यवतींचा फोन होता आणि माटोळी अडली नाही. त्या मुलीच्या हाती थैलीखेरीज काही नव्हते.

त्या शुक्रवारी तुयेस पोहोचण्यापूर्वी आम्ही मुद्दाम वाट वाकडी करून जुन्या शाळेसमोरच्या दुकानात गेलो. उदबत्ती, कापूर आणि वाती घेतल्या. नव्वद रुपये झाले. आम्ही ती नऊ नाणी पुढे केली. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होते. बोलणे न थांबविता, नाण्यांकडे न पाहता, त्यांनी ती तळहाताने गल्ल्यात सारली.

वडिलांच्या डबीत सहा एस्कुदांच्या शेजारी आता दहा रुपयांचे एक नाणे आहे. दुधाच्या डब्यातील त्रेचाळीसांपैकी बेचाळीस खर्चिली. हे एक मागे ठेवले. साल २००९, पंधरा रेघा, अगदी खणखणीत. नातवंडे कधी विचारतील की आजोबा, हे तर चालते, मग डबीत का ठेवले? पणजोबांचे नाणे राज्य गेले म्हणून थांबले, हे सांगणे सोपे आहे. दुसरे कोणाच्या शब्दाने थांबले, तेही त्यांना सांगावे लागेल.